संडे स्कूल बंद, हजेरीपट उघडा : साथीच्या काळात चर्चमधल्या मुलांची सेवा कशी चालवावी

22 मार्च 2020 हा रविवार होता. जनता कर्फ्यूमुळे उपासना झाली नाही आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, सगळेच म्हणाले, पुढच्या रविवारी बघू. 25 तारखेपासून कोरोनामुळे लॉकडाऊन लागलं. 5 एप्रिलचा झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा, पाम संडे) झावळ्यांविना गेला, 12 एप्रिलचा ईस्टर स्वयंपाकघरात झाला. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली ती थेट 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. तेव्हाही 10 वर्षांखालच्या मुलांनी घरीच थांबावं अशी सूचना होती. म्हणजे चर्चचं दार मोठ्यांसाठी उघडलं, संडे स्कूलचं, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाचं, बंदच राहिलं.

मी तेव्हा एका लहान मंडळीचं संडे स्कूल बघत होते आणि चुका भरपूर केल्या. पुन्हा कुठली साथ आली आणि वर्गाला कुलूप लागलं, तर मी कोणत्या क्रमाने कामाला लागेन, ते इथे लिहिते.

1. आधी हजेरीपट काढा, लिंक नंतर

मी उलटं केलं. पहिल्याच आठवड्यात व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, झूमची लिंक टाकली आणि रविवारी दहाला कॅमेऱ्यासमोर हसत बसले. हजेरीपटावरची निम्मी मुलंही आली नाहीत. वाटलं, पालकांना आस्थाच नाही. नंतर एकेका घरी फोन केला तेव्हा कळलं की एकाचे वडील टेम्पो चालवतात आणि घरातला एकमेव स्मार्टफोन पहाटे त्यांच्याबरोबर जातो. एका घरी तीन भावंडं, एक फोन, आणि त्यावर शाळेचेही तास. एकीचा डेटा पॅक संपला होता आणि रिचार्जला पैसे नव्हते, हे सांगायची तिच्या आईला लाज वाटत होती.

म्हणून वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे चार गोष्टी लिहा : घरात फोन कोणाचा, तो घरी कधी असतो, घरात म्हातारं किंवा आजारी कोण आहे, आणि कमाई चालू आहे का. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते नाव त्याच दिवशी पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या कानावर घाला. किराणा पोचल्याशिवाय त्या घरी बायबलमधली योनाची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

2. मुलं वाटून घ्या

एका टीचरकडे पाच-सहा मुलं, आठवड्याला प्रत्येकाला एक फोन. वेळ संध्याकाळी सातनंतरची, फोन घरी आल्यावरची. आधी आई-वडिलांशी बोलायचं, मग स्पीकर चालू ठेवून मुलाशी. ‘बायबलचं वचन पाठ झालं का?’ हा पहिला प्रश्न नको, शाळा तेच विचारून विचारून मुलांना वैतागवते. आज काय खाल्लं, मांजरीला पिल्लं झाली का, घरात सगळ्यात जास्त कोण ओरडतं, हे विचारा. दहा मिनिटं पुरतात. शेवटी मुलालाच विचारा, कोणासाठी प्रार्थना करू या? आमच्याकडे एकाने सोसायटीच्या वॉचमनचं नाव सांगितलं होतं.

सगळ्या उपक्रमांतला एकच ठेवायचा असेल तर मी हा ठेवेन. बाकी सगळं बंद पडलं तरी चालेल.

3. धडा तीन वाटांनी पाठवा

पहिली वाट व्हॉइस नोटची. चार-पाच मिनिटांत, रात्री झोपताना सांगतो तशी गोष्ट. डेटा कमी लागतो, हवी तेव्हा ऐकता येते आणि आजीही शेजारी बसून ऐकते.

दुसरी पाकिटाची. महिन्यातून एकदा, नियम परवानगी देत असतील तेव्हा, घराच्या दाराशी ठेवायचं : चार रविवारांची चित्रं, एका कार्डावर पाठांतराचं वचन, थोडे खडू, लोकर, टिकल्या. पाकिटावर मुलाचं नाव हाताने लिहा. स्वतःच्या नावाचं टपाल हातात पडण्याचं मुलांना केवढं अप्रूप असतं!

तिसरी झूमची, आणि तीही आखूड. फुकटातली झूमची मीटिंग 40 मिनिटांनी आपोआप बंद होते, ते बरंच आहे. लहानांसाठी 25 मिनिटं पुष्कळ झाली. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : झूमवर सगळ्यांनी मिळून गाणं म्हणता येत नाही. प्रत्येकाचा आवाज थोडा उशिरा आणि वेगवेगळ्या वेळी पोचतो, त्यामुळे ध्रुवपदाचाच कल्लोळ होतो. सगळ्यांना म्यूट करा, पेटी किंवा गिटार एकाच घरी वाजू द्या, बाकीच्यांनी आपापल्या घरी हातवारे करत गावं. पडद्यावर तीस हात एकदम वर जाताना बघायला फार छान वाटतं.

गोष्ट निवडताना जपा. नोहाची गोष्ट आमच्याकडे सर्वांत चालली, पण मी ती तारवाच्या, म्हणजे महापुरात तो ज्यात राहिला त्या जहाजाच्या, आतून सांगितली : एवढे प्राणी, तीच तीच माणसं, बाहेर जायचं नाही. पाऊस 40 दिवस पडला, तरी बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातल्या तारखा मोजल्या तर ती मंडळी तारवात वर्षाहून जास्त काळ होती. मुलांनी हिशेब केला आणि एकाने जाहीर केलं, ‘म्हणजे त्यांचं लॉकडाऊन आपल्यापेक्षा मोठं!’ साथ म्हणजे देवाची शिक्षा, हे मात्र चुकूनही सांगू नका.

4. सुरक्षेचे नियम कागदावर आणा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. प्रत्येक ऑनलाइन वर्गात दोन प्रौढ हवेत. टीचरने मुलाला परस्पर खासगी मेसेज करायचा नाही, संपर्क पालकांच्या फोनवरूनच. रेकॉर्डिंग नको. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय चर्चच्या पानावर टाकायचे नाहीत. लिंक उघड्यावर फिरवू नका, वेटिंग रूम चालू ठेवा. घरात मुलाला मारहाण होतेय किंवा त्याहून वाईट काही घडतंय अशी शंका आली, तर चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा नंबर सगळ्या टीचरना तोंडपाठ असावा. ‘घरातली गोष्ट’ म्हणून गप्प बसायचं नाही.

5. घरात कोणी गेलं तर

2021 चा एप्रिल-मे आठवला की अजून पोटात गोळा येतो. दफनाला मोजकी माणसं, मुलांना चेहराही बघायला मिळाला नाही. एका मुलाला कोणीतरी सांगितलं, ‘देवाला आजोबा आवडले, म्हणून त्याने बोलावून घेतलं.’ त्यानंतर तो रात्री प्रार्थनेला बसेना. मलाही आवडून घेतलं तर, अशी भीती त्याच्या मनात बसली होती.

म्हणून साधं बोला. ‘आजोबा आजारी पडले, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, तरी ते वारले. आपल्याला फार वाईट वाटतंय. देवालाही आपलं रडू कळतं.’ मित्र लाजर वारला तेव्हा येशू रडला, हे मुलांना सांगा. बायबलमधलं 91 वं स्तोत्र, देव रोगराईतून राखतो असं सांगणारं, जरूर म्हणा, पण विश्वास असेल त्याला आजार होत नाही असा त्याचा अर्थ लावून देऊ नका. ज्याची आई गेली, ते मूल त्यातून काय समजेल?

मुलाला काहीतरी करायला द्या. आजोबांचं चित्र, त्यांना पत्र, त्यांच्या आवडीचं गीत. फोन एकदा करून थांबू नका. महिन्याने करा, नाताळात करा, वाढदिवसाला करा. आई-वडील गमावलेल्या मुलांसाठीच्या सरकारी योजनांची कागदपत्रं कोणीतरी पुढाकार घेऊन करावी लागतात. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, आणि कोरोनात दोन्ही पालक गेलेल्यांच्या नावे राज्याने 5 लाखांची ठेव जाहीर केली होती. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मंडळीतल्या जाणत्या माणसाने सोबत जावं.

6. नाताळ

2020 ला महापालिका हद्दीत रात्रीची संचारबंदी होती, घरोघरची कॅरोल फेरी गेली. आम्ही नाताळचं नाटक तुकड्या-तुकड्यांनी केलं. प्रत्येकाने घरी एकच वाक्य रेकॉर्ड करायचं. मेंढपाळांच्या डोक्यावर पंचे, गब्रिएल देवदूत गच्चीवर, बाळ येशूला भेटायला आलेल्या मागी (ज्ञानी) लोकांचे उंट म्हणजे उशा. मोबाइल आडवा धरा, एवढीच सूचना दहा वेळा द्यावी लागली.

7. पुन्हा उघडताना

घाई नको. आवारात झाडाखाली चटया टाका, घराघराप्रमाणे बसवा. सगळ्यांत हात घालायचा खडूंचा डबा आणि वाटून घ्यायचा खाऊ काही दिवस बंद. 2021 च्या केंद्राच्या आरोग्य सूचनांत 5 वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको असं होतं, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका. टीचरलाच खोकला असेल तर त्याने घरी राहायचं, सत्कार पुढच्या रविवारी करू.

जी मुलं परतत नाहीत त्यांच्या घरी जा. तेरा-चौदा वर्षांची बरीच मुलं मधल्या काळात उंच झाली, आवाज फुटला, आता लहानांच्या वर्गात बसायची त्यांना लाज वाटते. त्यांना मदतनीस करा. आणि अगदी लहानांना पहिल्या दिवशी वर्ग फिरून दाखवा : चपला कुठे, पाणी कुठे, संडास कुठे. आमच्याकडे एक चार वर्षांची मुलगी दाराशी थबकली, माझ्याकडे वर बघत राहिली आणि म्हणाली, ‘तुम्ही फोनमधल्या टीचर ना? तुम्हाला पाय पण आहेत?’