रिटायर झाल्यावर अमेरिकेत राहायचंय? शहर कसं निवडायचं ते पाहा

आपल्या नागपुरात आजकाल कुठंही जा, धरमपेठ म्हणा की मनीषनगर, कोणाचं ना कोणाचं पोरगं अमेरिकेत राहतेच, आणि मग काका-काकू दोन महिने फिरून येतात, फोटो दाखवतात आणि म्हणतात की रिटायरमेंट तिकडेच घ्यावी म्हणतो. घ्या ना, पण फिरायला आवडलेलं शहर राहायलाही जमेल असं नसते बाप्पा.

आधी कागदाचं पाहून घ्या. अमेरिकेत रिटायरमेंट व्हिसा नावाचा प्रकारच नाही. पोरगा किंवा पोरगी तिथली सिटिझन असेल आणि वय किमान २१ असेल तरच आईबाबांचं ग्रीन कार्ड करता येते, पोरांकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर नाही. टुरिस्ट व्हिसा १० वर्षांचा असला तरी एका वेळी साधारण ६ महिनेच राहू देतात, आणि परतायची खरी तारीख आय-९४ वर, म्हणजे तिथल्या प्रवेशाच्या नोंदीवर असते, ती उतरल्या-उतरल्या ऑनलाइन पाहून घ्या, व्हिसाच्या स्टिकरवरची तारीख वेगळी.

आता फिरायचं म्हणाल तर वॉशिंग्टन पहिलं. स्मिथसोनियनची म्युझियम्स सगळी फुकट आणि बरीचशी एका रांगेत, मेट्रोनं फिरता येते, आठवडा कसा जाते कळत नाही. मग शिकागो. विवेकानंदांचं १८९३ चं भाषण ज्या इमारतीत झालं तिथे आज आर्ट इन्स्टिट्यूट आहे, बाजूलाच मिलेनियम पार्क, आणि जेवायला डेव्हॉन अव्हेन्यूवर आपली दुकानं. उन्हाळ्यात शिकागो मस्तच, पण जानेवारीत पारा कधीकधी उणे २० च्याही खाली जाते आणि गोठलेल्या फुटपाथवर सत्तरीतला माणूस घसरला की संपलंच, त्यामुळे राहायला मी तरी नाही म्हणेन. न्यूयॉर्क चार दिवस ठीक, पण सबवेच्या कितीतरी स्टेशनांवर लिफ्टच नाही, गुडघ्यांना विचारून जा.

राहायचं म्हटलं की नागपूरकराची नजर फिनिक्सवर जाते, काहून की ऊन ओळखीचं! आपण मे महिना कूलरपुढे काढतोच की. पण २०२३ मध्ये तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर गेला होता, आपल्याकडे निदान जूनमध्ये पाऊस येते. हिवाळा मात्र अफलातून, म्हणून थंडीकडचे म्हातारे हिवाळ्यात तिकडे जातात, आणि जवळच सन सिटी म्हणून १९६० पासून खास ५५ च्या वरच्यांसाठी वसवलेली वस्ती आहे, जिथे नातवंडं पाहुणी म्हणून चालतात, कायमची नाही. आपल्या लोकांना हे झेपेल का ते तुम्हीच ठरवा. सॅन डिएगोची हवा सगळ्यात चांगली पण भाडं ऐकूनच बीपी वाढते. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही पण घराचा टॅक्स दणकून, वर ह्यूस्टनला वादळाची भीती, २०१७ ला हार्वेनं काय केलं ते आठवा.

माझं मत विचाराल तर न्यू जर्सीत एडिसन-इसेलिनकडे पाहा. थंडी आहे, घराचा टॅक्सही भारी, पण ओक ट्री रोडवर भाजी, किराणा, मिठाई सगळं, मराठी विश्व मंडळाचे कार्यक्रम असतात, आणि मेट्रोपार्कहून न्यूयॉर्कची ट्रेन मिळते. दुपारी कोणाशी मराठीत बोलता येणं ही लहान गोष्ट नाही.

शहर मनात भरलं की तिथल्या सगळ्यात वाईट महिन्यात जाऊन राहा, आणि एक आठवडा पोराच्या गाडीला हात न लावता काढा. दूध आणायला पायी जाता येते का, फुटपाथ आहे का, डॉक्टरकडे कोण नेईल. घराचा पत्ता वॉक स्कोअरच्या साइटवर टाकला की १०० पैकी मार्क दिसतात, ३०-४० आले तर समजा पोरं ऑफिसला गेली की तुम्ही घरात बंद.

दवाखान्याचं सगळ्यात नीट पाहा. मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, ६५ नंतर, आणि ग्रीन कार्डवाल्याला तिथे सलग ५ वर्षं काढल्यावरच घेता येते, वर तिथे १० वर्षं काम केलेलं नसेल तर त्याच्या पार्ट ए चाही, म्हणजे दवाखान्यात भरती व्हायच्या भागाचाही, हप्ता भरावा लागते. टुरिस्ट म्हणून जाताना विम्याचा स्वस्तातला फिक्स्ड प्लॅन घेऊ नका, तो प्रत्येक गोष्टीला ठरलेलीच रक्कम देते, बाकीचं बिल तुमचं. शुगर-बीपी आधीपासून असेल तर ते कितपत कव्हर होते ते अक्षर न् अक्षर वाचा.

ग्रीन कार्ड घेतलं की इथली पेन्शन, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं सगळं तिकडच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागते, आणि इथली खाती मिळून १०,००० डॉलरच्या वर गेली तर वेगळा फॉर्म, म्हणून दोन्हीकडचं कळणारा सीए आधी गाठा. वर्षाच्या वर नागपुरात राहिलात तर कार्डच धोक्यात येते. ज्यांना अर्धं वर्ष इथेच काढायचं आहे त्यांनी ग्रीन कार्डची घाई करूच नये, एप्रिलमध्ये टुरिस्ट व्हिसावर निघा, इथला मे चुकवा आणि तीन-चार महिन्यांत परत या, दरवर्षी पूर्ण सहा महिने राहिलात तर एखाद्या वेळी इमिग्रेशनवाला विचारणारच की तुम्ही नेमके राहता कुठं.