मेमरीची मर्यादा घालताना या चुका टाळा

कॉलेजची लॅब असो की हिंजवडी-खराडीतलं ऑफिस, एकाच लिनक्स सर्व्हरवर अनेकांचं काम चालत असेल तर एकाचा प्रोग्रॅम सगळ्यांना वेठीला धरू शकतो. म्हणून मर्यादा घालायची. पण ती कुणावर घालतोय, हे आधी बघा.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे यूलिमिटवर (शेलमधून मर्यादा घालणारी कमांड) विसंबणं. ती मर्यादा एकेका प्रोसेसची असते. २ जीबीची मर्यादा घातली आणि विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमने २० प्रोसेस काढल्या, तर नियम न मोडता तो ४० जीबीपर्यंत जाऊ शकतो. अख्ख्या गटाचा हिशेब सीग्रुप (प्रोसेसचे गट करून त्यांच्या वापरावर मर्यादा घालणारी कर्नलची सोय) ठेवतो. २००८ पासून तो लिनक्स कर्नलमध्ये आहे. सिस्टमडीत (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) प्रत्येक युजरच्या स्लाइसला (म्हणजे त्याच्या सगळ्या प्रोसेसच्या सीग्रुपला) 'मेमरीमॅक्स' लावलं की काम होतं. सोबत स्वॅपची (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) मर्यादाही लावा. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत ती वेगळी मोजली जाते आणि मोकळी सोडली तर गट मरत नाही, डिस्क मात्र घासत बसतो.

दुसरी चूक: वापर मर्यादेला टेकलेला दिसला की 'मेमरी लीक' (घेतलेली मेमरी प्रोग्रॅमने परत न सोडणं) म्हणून ओरडायचं. गटाने वाचलेल्या फाइलींचा पेज कॅशही (मेमरीत ठेवलेली प्रत) त्याच खात्यात धरला जातो, आणि गरज पडली की कर्नल तो बहुतेक वेळा परत घेतो. आधी सीग्रुपची 'मेमरी.स्टॅट' ही फाइल उघडा. 'फाइल'चा आकडा मोठा असेल तर सहसा घाबरायचं कारण नाही. 'अ‍ॅनॉन' (प्रोग्रॅमने स्वतःसाठी घेतलेली मेमरी) तासागणिक चढत असेल तर मात्र कोडकडे वळा.

कंटेनर (स्वतंत्र कप्प्यात, स्वतःच्या सीग्रुपमध्ये चालणारा प्रोग्रॅम) १३७ कोड देऊन पडला की लोक थेट मर्यादा दुप्पट करतात. हे मला अजिबात पटत नाही. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, एवढंच: कुणीतरी सिगकिल (प्रोसेस जबरदस्तीने बंद करणारा ९ नंबरचा सिग्नल) पाठवला. तो मेमरीमुळेच आला का, हे 'मेमरी.इव्हेंट्स'मधल्या 'ऊम_किल'वरून (मेमरी संपल्यामुळे मारलेल्या प्रोसेसची मोजणी) कळतं. कंटेनर पुन्हा उठला की सहसा नवा सीग्रुप बनतो आणि मोजणी शून्यावर येते. मग कर्नलचा लॉग तपासा.

जावावाल्यांनी हीपची (जावा ऑब्जेक्ट ठेवते ती मेमरी) कमाल मर्यादा कंटेनरच्या मर्यादेइतकी ठेवू नये. थ्रेडचे स्टॅक आणि मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवायची जागा) हीपच्या बाहेर असतात, त्यांना जागा सोडा. आणि कंटेनरमध्ये 'फ्री' कमांड चालवून अंदाज बांधू नका. ती सहसा पूर्ण मशीनची मेमरी दाखवते.