कोल्हापुरात नवीन आहात? डोंगरात सायकल घालायच्या वाटा अशा शोधा

विद्यापीठात, केआयटीत किंवा दुसऱ्या कुठल्या कॉलेजात प्रवेश झाला, माउंटन बाइक ट्रॅव्हल्सच्या डिकीतून खोलीवर आली. आता ती चालवायची कुठं? कोल्हापूरभोवती पाट्या लावलेल्या, मुद्दाम आखलेल्या ट्रेल्स शोधत बसू नका. इथं मिळतात त्या पाणंदी, गाडीवाटा, गुरांच्या वाटा आणि देवाला चालत जायच्या पायवाटा. त्यातली कुठली कधी चालते, हे उंचीपेक्षा मातीवर ठरतं.

पंचगंगेकाठचा सखल भाग काळ्या मातीचा आणि उसाचा. कोरड्या दिवसांत इथल्या पाणंदी पाय मोकळे करायला झकास. पण दोन दमदार सरी पडल्या की ही माती टायरला लपेटते, फोर्क आणि टायरमधली फट भरून टाकते आणि चाक फिरेनासं होतं. तशातच पायडल रेटलं तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) स्पोकमध्ये ओढला जाऊन हँगर (डिरेलर धरून ठेवणारी पट्टी) मोडतो. अशा वेळी उतरा, काटकीनं चिखल काढा, सायकल खांद्यावर घ्या. आणि चिखलाला पाऊसच लागतो असं नाही. उसाला पाणी सोडलेलं असलं की डिसेंबरातही पाणंद भरलेली सापडते.

दक्षिणेला मोरेवाडी, पाचगाव, गिरगाव आणि कात्यायनीच्या डोंगरांकडे मुरूम लागतो. पाणी मुरून जातं, त्यामुळं पाऊस उघडला की एखाद्या दिवसात वाट चालवण्याजोगी होते. नवख्यांनी सुरुवात इथूनच करावी. विद्यापीठापासून जवळ, आणि काही बिघडलं तर सायकल ढकलत परत येता येतं. गोम एवढीच, की कडक थरावर सुटा मुरूम पसरलेला असतो आणि टायर छर्र्यांवरून गेल्यासारखा सरकतो. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेकला हात नको. मागचं चाक लॉक करून घसरत उतरणं दिसायला भारी वाटतं, पण त्यानं वाट खरवडते आणि पुढच्या पावसात तिथंच घळ पडते.

पन्हाळा आणि मसाई पठाराच्या माथ्यावर जांभा. कोरडा असताना त्याच्यासारखी पकड कुठंच नाही. जुलै ते सप्टेंबर मात्र त्यावर शेवाळ धरतं आणि पुढचं चाक कधी निसटलं ते कळत नाही. शिवाय जांभ्याच्या धारदार कडा टायरची बाजू कापतात. असा काप नुसती ट्यूब बदलून भागत नाही, नवी ट्यूब त्यातून फुगून बाहेर येते. म्हणून जुन्या टायरचा दोन-तीन इंची तुकडा जवळ ठेवा आणि आतून लावा.

नकाशात काय बघायचं

स्ट्राव्हा या सायकलस्वारांच्या ॲपचा हीटमॅप (लोक कुठून जास्त जातात ते दाखवणारा नकाशा) उघडाल तर सगळ्यात ठळक रेघा डांबरी रस्त्यांच्या दिसतील. त्या सोडून द्या. डोंगरउतारावरच्या फिकट रेघा शोधा आणि त्या उपग्रह चित्राशी ताडून बघा. चित्र जानेवारी ते मे दरम्यानचं असेल तर बरं. गवत वाळलेलं असतं आणि पायवाट पांढुरकी उठून दिसते. दोन ठिकाणी फसगत होते. डोंगरावर सरळसोट चढणारी रुंद पट्टी ही बहुधा वनखात्याची जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळी केलेली पट्टी) असते, वाट नव्हे. आणि टोप, शिये भागात दिसणारे ऐसपैस कच्चे रस्ते पुष्कळदा दगडखाणीत जाऊन संपतात. तिथं डंपर असतात, सुरुंग असतात.

चढ किती, हे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावरून कळतं. जुन्या क्रमांकांनुसार कोल्हापूर शहराचा बराचसा भाग ४७ एल/२ मध्ये येतो, पन्हाळा-जोतिबा ४७ एल/१ मध्ये. या प्रमाणात २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटर उंचीच्या अंतरानं असतील आणि वाट २ सेंटिमीटरमध्ये पाच रेषा ओलांडत असेल, तर चढ १० टक्के. तेवढा कच्च्या वाटेवर बसून चढता येतो. आठ रेषा ओलांडत असेल तर बहुतेकांना ढकलावंच लागतं; ती वाट उतरायला ठेवा.

कुणी फारसं बघत नाही अशी एक चीज म्हणजे गाव नकाशा, जो महसूल खात्याच्या संकेतस्थळावर बघता येतो. त्यातली दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, १६.५ ते २१ फूट रुंदीचा. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, ८.२५ फुटांचा. या वहिवाटीच्या वाटा, त्यामुळं कुणाच्या रानात घुसल्याचा प्रश्न येत नाही. अर्थात नकाशात असलेली वाट जागेवर उसाखाली गेलेली असू शकते. तिथं नकाशा दाखवून वाद घालू नका, मागं फिरा.

विचारायचं कसं

गावात ‘ट्रेल’ विचारून काही हाती लागणार नाही. ‘मामा, ही वाट वर कुठं निघते? मोटारसायकल जाते का?’ असं विचारा. मोटारसायकल जात असेल तर सायकल नक्की जाईल. बैलगाडी जात होती, आता जात नाही, असं उत्तर आलं तर वाट बहुधा पावसानं खचलेली आहे. ‘गुरं जात्यात’ म्हणजे मधे पायरीसारखे दगड असणार. अंतर मात्र विचारू नका. ‘हे काय, इथंच’ याचा अर्थ काहीही होऊ शकतो. चालत किती वेळ लागतो ते विचारा.

मग स्वतः बघायचं. नियम एकच: जी वाट उतरायची, ती आधी चढून बघा, ढकलत का होईना. चढताना दगड, घळी, आंधळी वळणं सावकाश नजरेत भरतात. तारांकडं खास लक्ष द्या. गवे आणि डुकरं येऊ नयेत म्हणून शेताभोवती झटका मशीनची बारीक तार ओढलेली असते. संध्याकाळच्या उजेडात ती दिसत नाही, आणि कालपर्यंत मोकळी असलेली वाट आज तारेनं अडवलेली असू शकते. कवाड उघडलं तर पाठीमागं लावून घ्या.

कुठून सुरुवात करायची

पहिले काही रविवार कात्यायनीच्या बाजूला घालवा. दम वाढला की जोतिबा. कासारवाडी, सादळे-मादळे, गिरोली अशा डांबरी रस्त्यानं वर जायचं आणि कुशिऱ्याच्या अंगाला उतरणाऱ्या वाटा धुंडाळायच्या. त्याच बाजूनं गायमुखावरून भाविक खेट्यांना (जोतिबाच्या पायी वाऱ्यांना) चालत येतात. माघ पौर्णिमेनंतरचे रविवार आणि चैत्र यात्रेचे दिवस तिकडं सायकल नेऊच नका. एरवीही रविवारी देवाला गर्दी असते, मधला वार निवडा. अनवाणी चालणाऱ्या माणसांमधून सायकल उतरवणं धोक्याचं तर आहेच, उद्धटपणाचंही आहे.

मसाई पठार हा मोठा बेत. शहरापासून पन्हाळाच वीसेक किलोमीटर, पठार त्याच्या पलीकडं. गडावरून राजदिंडीनं उतरायचं म्हणाल तर ती वाट तीव्र उताराची आणि दगडधोंड्यांची. सायकल उचलायची तयारी हवी. पठार सपाट असलं तरी कडेला तुटलेलं आहे, त्यामुळं धुक्यात चाकोरी सोडू नका. फुलांच्या दिवसांत, ऑगस्ट ते ऑक्टोबर, तर चाकोरीबाहेर एकही चाक जाता कामा नये. मार्चनंतर वर सावली नाही. माणशी ३ लिटर पाणी घ्या आणि दहाच्या आत उतरायला लागा. दाजीपूर-राधानगरी अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालायचा विचार करू नका.

हवा, सामान आणि बाकीचं

६५ किलोच्या माणसाला, २.१ ते २.२५ इंची ट्यूबच्या टायरला पुढं २८ आणि मागं ३२ पीएसआय पुरे. यापेक्षा बरीच कमी हवा ठेवली तर दगडावर आपटून रिम ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पाडते. टायर ट्यूबलेस असेल तर बाभळीचे काटे आणि सराटे बरेचसे सीलंटच (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) निभावतं, पण उन्हाळ्यात ते सुकतं; दर दोन-तीन महिन्यांनी तपासा. पिशवीत दोन ट्यूब, टायर लिव्हर, पंप, मल्टिटूल, तुटलेली चेन जोडायला तुमच्याच चेनच्या मापाची क्विक लिंक आणि एक जादा हँगर. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो सायकल घेतानाच मागून घ्या.

पन्हाळ्याकडं आणि पश्चिमेला गवे आहेत. एकटा गवा दिसला तर थांबा, घंटी वाजवू नका, नजर ठेवून मागं सरका. धनगरवाड्यावर कुत्री अंगावर आली तर पळवू नका. उतरून सायकल मधे धरा आणि चालत पुढं जा. जांभ्यावर फुरसं असतं, म्हणून पंक्चर काढताना दगडावर न बघता बसू नका, हात टेकू नका. साप चावलाच तर बांधाबांधी आणि चिरफाड न करता थेट सीपीआर रुग्णालय किंवा १०८. नोव्हेंबर ते मार्च परतीला अंधार करू नका. उसाच्या ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात, आणि पुष्कळांना मागं दिवाच नसतो.