रिपोर्टवरचा शब्द शेवटाकडून वाचा

कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाची ओपीडी असो की राजारामपुरीतला दवाखाना, हातात फाईल आली की आपण लांबलचक इंग्रजी शब्द सुरुवातीपासून वाचायला जातो आणि मध्येच अडकतो. उलट करा. आधी शेवट बघा.

‘आयटिस’ असेल तर त्या भागाला सूज, दाह: टॉन्सिलायटिस (टॉन्सिल), गॅस्ट्रायटिस (जठर), आर्थ्रायटिस (सांधे). जंतुसंसर्ग असेलच असं नाही. ‘मिया’ आलं की गोष्ट बहुतेकदा रक्ताची, जसं अ‍ॅनिमिया, ल्युकेमिया.

खरी गल्लत होते ती ऑपरेशनच्या शब्दांत, कारण कानाला सगळे सारखेच लागतात. ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढून टाकणं, ‘ऑटॉमी’ म्हणजे नुसता छेद आणि ‘ऑस्टॉमी’ म्हणजे तोंड करून ठेवणं. म्हणून अपेंडेक्टॉमीत अपेंडिक्स काढतात, लॅपरॉटॉमीत पोट उघडतात आणि कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर आणतात. गावाकडं फोन करताना एवढं नीट सांगितलं तरी निम्मा गोंधळ टळतो.

‘ओमा’ दिसलं म्हणून लगेच हातपाय गाळू नका. तो बहुतेकदा गाठ दाखवतो, पण लायपोमा ही चरबीची साधी गाठ, हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त, आणि ग्लॉकोमात (काचबिंदूत) तर गाठ नसतेच!

नर्सिंग-फार्मसीच्या पोरांनी कुठला तुकडा ग्रीक, कुठला लॅटिन यात फार अडकू नये. अपेंडिसायटिसमध्ये दोन्ही आहेत. आणि एखादा शब्द फुटलाच नाही तर डिस्चार्ज कार्डावर त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा, राऊंडला डॉक्टर आले की विचारा.