शेंड्याची पानं पिवळी पडली की युरिया नको, यंदा ताग पेरा

मंडळी, मृग जवळ आला की सगळे डीएपी-युरियाच्या मागं लागतात, पण यंदा पोत्यांच्या आधी तागाचं, म्हणजे हिरवं असतानाच खत म्हणून रानात गाडायच्या पिकाचं, बी घरात आणून ठेवा, एवढं कळकळीनं सांगतो. मागच्या साली आमच्या आडसाली (जुलै-ऑगस्टात लावलेल्या) उसावर केवडा आला, शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, पुढं पार पांढरीफट्ट. नत्र कमी पडलंय समजून मी युरिया दिला, फरक काहीच नाही. नत्र कमी असलं की खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, लोह कमी असलं की वरची कोवळी, एवढी खूण ध्यानात ठेवा.

आपल्या मोहोळ, माढा, पंढरपूर भागातल्या काळ्या रानात चुनखडी भरपूर, सामू (pH) आठाच्या वर. लोह मातीत असतंच ओ, पण चुन्यामुळं ते अडकून बसतं आणि मुळाला उचलता येत नाही. म्हणून नुसतं हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) मातीत फेकलं तर तेपण तिथंच अडकतं. एकरी 10 किलो हिराकस 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून द्या, मग लागू पडतं.

पण खरा इलाज ताग गाडून सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतला कुजलेला पालापाचोळा, वाढवणं. ज्यांचं रान रब्बी ज्वारीसाठी खरिपात मोकळं राहतं त्यांनी पहिला चांगला पाऊस झाला की एकरी 20-25 किलो ताग पेरून टाका, आणि 45-50 दिवसांनी फुलकळी लागताना रानात ओल असतानाच गाडा. इथंच लोक चुकतात, अजून थोडा वाढू दे म्हणत थांबतात आणि मग ताग निबर होतो, दोरखंडासारखा, लवकर कुजतच नाही. गाडल्यावर दोन-तीन आठवडे तरी पेरणी नको, आणि त्या काळात रानात पाणी तुंबू देऊ नका, नाहीतर चुनखडीच्या जमिनीत पिवळेपणा उलट वाढतो. भीमाकाठच्या चोपण (क्षारानं घट्ट झालेल्या), पाणी साचणाऱ्या रानात ताग टिकत नाही, तिथं धैंचा हे तागासारखंच हिरवळीचं पीक घ्या. हलक्या मुरमाड रानात मात्र पाऊस कमी असेल तर हा नाद नको, ज्वारीची ओल ताग पिऊन जाईल. आडसाली उसात सरीच्या मोकळ्या जागेत ताग टाकून बांधणीच्या (उसाला माती लावायच्या) आधी दाबला तरी चालतो.

भुईमूगवाल्यांसाठी अजून एक. मक्याची मुळं असा एक रस सोडतात जो मातीतलं लोह धरून मोकळं करतो, आणि शेजारच्या भुईमुगालापण ते मिळतं. चीनमध्ये चुनखडीच्या जमिनीत हे तपासलंय, मक्याच्या जवळच्या ओळी हिरव्या आणि लांबच्या पिवळ्या. म्हणजे बांधाला मका लावून उपयोग नाही, मधे ओळ पाहिजे. मी चार ओळी भुईमूग आणि एक मका घेतो, मका चाऱ्याला लवकर काढतो म्हणजे सावली पडत नाही.

आत्ता उभ्या पिकात पिवळेपणा दिसत असेल तर ताग लगेच कामाला येणार नाही, तिथं फवारणीच. 15 लिटरच्या पंपाला आधी 15 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, मग 75 ग्रॅम हिराकस, ऊन उतरल्यावर मारा, आठ-दहा दिवसांनी परत. चिलेटेड (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थानं धरून ठेवलेलं) लोह घ्यायचं झालं तर जमिनीतून द्यायला पुडीवर ईडीडीएचए (EDDHA) हा प्रकार बघून घ्या, ईडीटीए (EDTA) प्रकार आपल्या सामूला टिकत नाही.