शोधणाऱ्याला सापडेल असं प्रोफाइल

गेली अकरा वर्षं मी कंपन्यांसाठी माणसं शोधण्याचं काम करते आहे. दिवसाचे तीन-चार तास लिंक्डइनवर, म्हणजे नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जोडणाऱ्या संकेतस्थळावर जातात. रोज शेकडो प्रोफाइलं डोळ्यांखालून जातात आणि त्यातल्या एकाची हळहळ मला अजून वाटते.

एका गोदामासाठी साठ्याचा हिशेब चोख ठेवणारा माणूस हवा होता. 'इन्व्हेंटरी', 'डिस्पॅच', 'स्टॉक ऑडिट' असे शब्द टाकून मी शोधत होते. जागा भरली गेली आणि मग पंधरा दिवसांनी ओळखीतून एक गृहस्थ भेटायला आले. नऊ वर्षं गोदाम सांभाळलेले, अगदी हवे होते तसे. त्यांचं प्रोफाइल उघडून पाहिलं. नावाखाली हेडलाइन होती : 'मेहनती, प्रामाणिक, नव्या संधीच्या शोधात'. कामाच्या रकान्यात पदाचं आणि कंपनीचं नाव, खाली सगळं कोरं. मी शोधलेला एकही शब्द तिथे नव्हता, मग ते माझ्या यादीत येणार तरी कसे?

म्हणून सुरुवात प्रोफाइलपासून नको, जाहिरातींपासून करा. तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या आठ-दहा जाहिराती उघडा आणि पुन्हा पुन्हा येणारे शब्द वहीत उतरवून घ्या. पदाचं नाव, सॉफ्टवेअर, कामाच्या पद्धती. त्यातलं जे तुम्ही खरोखर केलं आहे तेवढ्यावरच खूण करा. न केलेल्या कामाचे शब्द घातलेत तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं. जाहिराती ज्या भाषेत आहेत त्याच भाषेत प्रोफाइल लिहा. आणि हात लावण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइलमधले बदल ओळखीच्यांना कळवण्याची सोय बंद करा, विशेषतः सध्या नोकरीत असाल तर.

हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात. पण शोधाच्या यादीत मला फोटो, नाव आणि हेडलाइनचा सुरुवातीचा भागच पटकन दिसतो. पदाचं नाव पहिल्या चार-पाच शब्दांत आलंच पाहिजे. 'मेहनती' असं लिहून कुणी मेहनती ठरत नाही, ती जागा कामाच्या शब्दांना द्या. फोटोबद्दल एवढंच : चेहरा स्पष्ट, उजेड समोरून, चौकटीत तुम्ही एकटेच.

सगळ्यात जास्त वेळ कामाच्या रकान्याला द्या. त्या गृहस्थांबरोबर मी एक दुपार बसले. त्यांनी आधी लिहिलं, 'स्टॉकची जबाबदारी सांभाळली.'

"म्हणजे रोज नेमकं काय करत होतात?" मी विचारलं.

"मॅडम, काय म्हणजे, मोजणी. दर शनिवारी एक विभाग मोजायचो."

"आधीपासून तशीच पद्धत होती?"

"नाही हो, आधी वर्षातून एकदाच व्हायची. तूट कळायची तेव्हा फार उशीर झालेला असायचा. शनिवारची मोजणी मी सुरू केली. मग त्याच आठवड्यात फरक सापडायला लागला."

हेच तर हवं होतं! आम्ही लिहिलं : 'वर्षातून एकदा होणारी साठ्याची मोजणी दर आठवड्याला विभागवार सुरू केली, त्यामुळे तूट त्याच आठवड्यात लक्षात येऊ लागली.' आधी काय होतं, तुम्ही काय केलंत, त्याने काय बदललं, या तीन गोष्टी एका वाक्यात आल्या की वाचणाऱ्याला तुमचं काम दिसतं. आकडा पक्का ठाऊक असेल तर जरूर द्या. कंपनीची गुपितं मात्र बाहेर काढू नका. स्वतःच्या कामाबद्दल असं सुचत नसेल तर कुणाला तरी समोर बसवा आणि 'म्हणजे काय?' असं विचारत राहायला सांगा.

'अबाउट'मध्ये, म्हणजे स्वतःबद्दल लिहायच्या भागात, 2600 अक्षरं मावतात, पण उघडून पाहिल्याशिवाय सुरुवातीच्या काही ओळीच दिसतात. म्हणून तुम्ही काय करता आणि पुढे काय करायचं आहे हे तिथेच सांगून टाका.

मध्ये खंड पडला असेल तर तो लपवू नका. आजारपण असो, घरातल्यांची सेवा असो, नोकरी गेलेली असो. अनुभवाच्या भागात 'करिअर ब्रेक' नोंदवायची सोय आहे, तिथे एका ओळीत सरळ लिहा. कोरी वर्षं पाहिली की माणूस तर्क करत बसतो, आणि तो तर्क तुमच्या बाजूचा असेलच असं नाही.

नोकरी शोधत आहात हे कळवायला 'ओपन टू वर्क' ही सोय आहे, तिच्यात दोन पर्याय असतात. एकात फक्त नोकरभरती करणाऱ्यांना कळतं, दुसऱ्यात फोटोभोवती हिरवी चौकट येते आणि सगळ्यांनाच दिसतं. नोकरीत असाल तर पहिला निवडा. तुमच्याच कंपनीतल्या भरती करणाऱ्यांपासून हे लपवण्याचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण हमी देत नाही. नोकरी नसेल तर हिरवी चौकट खुशाल लावा. ती लावली म्हणून मी कुणालाही कमी लेखलेलं नाही, उलट हा माणूस उत्तर देईल असं मला वाटतं.

शेवटी शिफारस, म्हणजे सोबत काम केलेल्या कुणीतरी तुमच्या प्रोफाइलवर लिहिलेला अभिप्राय. 'माझ्यासाठी चार शब्द लिहा' असं मागितलं की गुळमुळीत काहीतरी येतं. काय आठवून लिहावं तेही मागतानाच सांगा. त्या गृहस्थांनी जुन्या वरिष्ठांना कळवलं, 'साहेब, शनिवारच्या मोजणीबद्दल दोन ओळी लिहाल का?' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पहिल्या महिन्यात त्या मोजणीला आपलाच विरोध होता, हेही साहेबांनी त्यात लिहिलं होतं.