नाताळच्या आत फ्लोरिडा: सेलबोटीने इंट्राकोस्टल वॉटरवे उतरताना

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून, व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून फ्लोरिडाच्या टोकापर्यंत नद्या, खाड्या, साउंड (किनाऱ्याआतलं रुंद, मोकळं पाणी) आणि मधले खोदलेले कालवे जोडून केलेला जलमार्ग म्हणजे इंट्राकोस्टल वॉटरवे. थंडीच्या तोंडावर असंख्य सेलबोटी यावरून दक्षिणेकडे निघतात. बोट शिडाची असली तरी बहुतेक अंतर इंजिनावरच कापावं लागतं. वाऱ्याचा विचार करावा लागतो तो मोठ्या साउंडवर. बाकी दिवसभराचं वेळापत्रक उजेड, पूल आणि भरती ठरवतात, आणि हे तीन नीट जुळवले तर प्रवास फार सुंदर होतो.

आधी अंतर. नॉरफोक-पोर्ट्समथला शून्य मैल धरून पुढे मोजणी होते: ब्यूफोर्ट, नॉर्थ कॅरोलायना २०४, चार्ल्सटन ४६९, फर्नांडिना बीच ७१६, सेंट ऑगस्टीन ७७८, मायामी साधारण १,०९०. हे जमिनीवरचे मैल आहेत, सागरी नव्हेत. ५.५ नॉट म्हणजे तासाला सव्वासहा मैल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की नॉरफोकला संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अंधारात हा मार्ग चालवू नये, कारण वाट दाखवणाऱ्या सगळ्याच खुणांवर दिवे नसतात. त्यामुळे दिवसाला ४५ मैल धरा. सेंट ऑगस्टीनपर्यंत १७-१८ दिवस चालीचे, त्यात खराब हवेसाठी एक तृतीयांश मिळवा, म्हणजे २४ दिवस. मायामी गाठायचं असेल तर हेच गणित ३२-३३ दिवसांवर जातं.

चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो. अनेक विमा कंपन्या १ नोव्हेंबरच्या आत ठरावीक अक्षांशाच्या खाली बोट नेऊ देत नाहीत, तेव्हा पॉलिसीतली ती ओळ निघण्याआधी वाचा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालात तर नाताळ आरामात साधतो. थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरअखेरचा अमेरिकी सण) कुठल्या गावी असू, याचं वचन मात्र कुणाला देऊ नका. पाहुण्यांना तारीख सांगा किंवा गाव सांगा, दोन्ही सांगितलं की नको त्या हवेत नांगर उचलला जातो.

डोलकाठी आणि पूल

स्थिर पुलांखाली भरतीच्या वेळी ६५ फूट जागा असावी, असा या मार्गाचा नेम आहे. १२६ मैलांवरचा विल्करसन पूल ६४ फुटांचा धरतात. मायामीतला ज्युलिया टटल ५६ फुटांचा आहे, म्हणून उंच डोलकाठीच्या बोटी फोर्ट लॉडरडेलहून समुद्रात निघून मायामीच्या गव्हर्नमेंट कट या बंदराच्या तोंडातून आत येतात.

कागदावरची उंची धरू नका. बोट पाणी, डिझेल, सामानासकट भरल्यावर मोजपट्टीची टेप हॅलयार्डला (शीड वर चढवायच्या दोराला) बांधून डोलकाठीच्या टोकापर्यंत चढवा आणि पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. त्यात अँटेना आणि दिवा मिळवा. शरद ऋतूत अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ६५ फुटांच्या पुलाखाली ६३ फूटच उरतात, असं सर्रास होतं. पुलाच्या खांबावर उंचीची पाटी असते, ती दुर्बिणीतून आधी वाचा. शंका असेल तर पाण्याची ओढ समोरून असताना पुलाखाली शिरा. मग वेग कमी करून जागच्या जागी थांबता येतं आणि मागेही येता येतं. ओढ मागून असेल तर निर्णय तुमच्या हातात राहत नाही.

उघडणाऱ्या पुलांना व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात व्हीएचएफ रेडिओच्या १३ नंबरवर, साउथ कॅरोलायनापासून खाली ९ नंबरवर बोलवा. पुलाचं नाव, बोटीचं नाव आणि दिशा सांगितली की पुरे. ग्रेट ब्रिज दिवसा तासाच्या ठोक्याला उघडतो, आणि त्याला लागूनच लॉक (बोट आत घेऊन पाण्याची पातळी बदलणारं दारांचं कुंड) आहे. तिथे दोन्ही बाजूंना फेंडर (बोट भिंतीला घासू नये म्हणून लावायचे फुगे) आणि पुढे-मागे ५० फुटी दोर तयार ठेवा. पाणी दोन-तीन फूटच वर-खाली होतं, पण दोर पक्के बांधून ठेवू नका, हातात धरून सैल करत राहा. शहरांजवळचे काही पूल सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत उघडत नाहीत. एक पूल चुकला की पुढचेही चुकतात, म्हणून इंजिन जोरात पळवण्यापेक्षा आदल्या रात्रीच वेळा लिहून काढा.

खुणा

दक्षिणेकडे जाताना लाल खुणा उजवीकडे, हिरव्या डावीकडे. पण मोठ्या नदीचा किंवा बंदराचा चॅनल (खोल पाण्याची वाट) या मार्गात मिसळतो तिथे रंग उलटे होतात. अशा वेळी खुणेवरचं छोटं पिवळं चिन्ह बघा: पिवळा त्रिकोण उजवीकडे, पिवळा चौकोन डावीकडे, खालचा रंग कोणताही असो.

नवख्या बोटी रुततात त्याचं सगळ्यात मोठं कारण वेगळंच असतं. नाक पुढच्या खुणेवर रोखलेलं असतं, आणि आडवी ओढ बोटीला हळूहळू चॅनलबाहेर नेत असते. पुढे पाहून हे कळत नाही. दर दोन मिनिटांनी मागे वळून मागची खूण बघा. मागची खूण, बोट आणि पुढची खूण एका रेषेत नसतील तर तुम्ही सरकला आहात. खाडीची तोंडं ओलांडताना हे हमखास होतं, आणि लॉकवुड्स फॉली, शालोट या तोंडांशी वाळूही दरवर्षी हलते. चार्टवर (सागरी नकाशावर) सुचवलेल्या वाटेची गुलाबी रेषा तिथे आंधळेपणाने पाळू नका. आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची ताजी खोली-मोजणी अ‍ॅक्वा मॅपसारख्या अ‍ॅपवर दिसते, ती त्याच सकाळी उघडा.

मर्टल बीचजवळचा खडकाळ कालवा वेगळा. तिथे काठ मऊ चिखलाचे नसून खडकाचे आहेत आणि बार्ज (मोठी सपाट मालवाहू नाव) समोर आली तर बाजूला व्हायला जागा नाही. शिरण्याआधी १३ आणि १६ नंबरवर आपण येत असल्याचं जाहीर करा आणि मधोमध राहा.

जॉर्जियाची भरती

ज्या बोटीला पाच फुटांहून जास्त पाणी लागतं, तिची खरी परीक्षा जॉर्जियात आहे. सरकारी हिशेबाने फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सपर्यंत खोली १२ फूट असायला हवी, प्रत्यक्षात हेल गेट (मैल ६०२), लिटल मड रिव्हर (मैल ६५५) आणि पुढची जेकिल क्रीक इथे गाळ भरतो. भरती-ओहोटीतला फरक मात्र सात ते नऊ फूट, त्यामुळे वेळ साधली की भरपूर पाणी मिळतं.

दिवस मागून मोजा. समजा लिटल मडला ओहोटी सकाळी साडेनऊला आहे, म्हणजे अर्धी भरती साडेबारा-पाऊण वाजता. तुम्ही २४ मैल उत्तरेला नांगरला असाल तर ताशी सहा मैलांनी चार तास, म्हणून साडेआठला निघा. लवकर पोचलात तर बाहेर खोल पाण्यात थांबा. थोडा उशीर चालतो, कारण पाणी अजून तीन तास चढणार असतं, आणि रुतलात तरी तेच तुम्हाला उचलतं. उतरत्या पाण्यात रुतलात तर पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे बहुधा अंधार पडेपर्यंत, कलंडून बसावं लागतं. जेकिल क्रीकही त्याच भरतीत उरकायचा मोह टाळा. तिथे पोचेपर्यंत पाणी उतरायला लागलेलं असतं. ती दुसऱ्या दिवशी, साधारण पन्नास मिनिटं उशिरा धरून करा.

रुतलातच तर जोरात थ्रॉटल देऊ नका. प्रोपेलरने ढवळलेला चिखल इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेने आत ओढला जातो. पाणी चढत असेल तर न्यूट्रल करून वाट बघा. उतरत असेल तर पहिली पाच मिनिटं महत्त्वाची: आलात त्याच दिशेने मागे घ्या, हलली नाही तर दोघांना बूमच्या (शिडाच्या खालच्या आडव्या काठीच्या) टोकाकडे पाठवून बोट कलवा, म्हणजे कीलला (बोटीच्या तळाच्या खोल भागाला) कमी पाणी लागेल. तेही जमलं नाही तर डिंगीतून (सोबतच्या छोट्या होडीतून) दुसरा नांगर खोल पाण्यात नेऊन टाका आणि विंचवर (दोर ओढायच्या चक्रावर) दोर ताणा. सुटल्यावर लगेच स्ट्रेनर (इंजिनाच्या पाण्याची गाळणी) उघडून साफ करा. टोइंगचं (अडकलेली बोट ओढून नेण्याच्या सेवेचं) वार्षिक सदस्यत्व निघण्याआधी घ्यावंच.

नांगर टाकतानाही भरती मिळवा: ओहोटीला ८ फूट पाणी, ८ फूट भरती, नाकाची उंची ४ फूट, एकूण २०. पाचपट म्हणजे १०० फूट साखळी, वारा असेल तर १४०. दर सहा तासांनी ओढ उलटते आणि नांगर फिरून पुन्हा रुतावा लागतो, म्हणून टाकल्यावर रिव्हर्समध्ये ताणून खात्री करा आणि पहिली ओढ उलटताना जागे राहा.

थंड हवेचे पट्टे

या दिवसांत काही दिवसांच्या अंतराने थंड हवेचा पट्टा येतो. वारा नैर्ऋत्येकडून वायव्य, मग उत्तर असा फिरतो आणि २०-२५ नॉट राहतो. अल्बेमार्ल साउंड उथळ असल्याने त्या वाऱ्यात आखूड, उभ्या लाटा उठतात. पुढचा अ‍ॅलिगेटर नदीवरचा फिरता पूलही फार जोराच्या वाऱ्यात उघडत नाही. साउंड पार करून पुलाशी अडकणं सगळ्यात वाईट, म्हणून उत्तरेच्या काठाला एक दिवस थांबा. वारा १५ नॉटच्या आत आला की निघा, आणि इथे मात्र जिब (पुढचं शीड) जरूर उघडा. न्यूस नदीतही शिडाचं चांगलं साधतं.

इंजिनाचे सेंट ऑगस्टीनपर्यंत साधारण १३० तास होतात. तासाला पाऊण गॅलन धरलं तर शंभर गॅलनच्या आसपास डिझेल. ऑइल नवं घालून निघा आणि वाटेत एकदा बदला. दोन इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक), एक बेल्ट, चार डिझेल फिल्टर जवळ असू द्या. मोटरबोट मागून ओव्हरटेक करायला आली तर तुम्ही वेग पार कमी करा. तुम्ही सहाने चालत राहिलात तर तिला दहाने जावं लागतं आणि तिच्या लाटेत तुम्हीच हलता.

फ्लोरिडात मॅनेटींसाठी (पाण्यातले मोठे, संथ प्राणी) लावलेल्या वेगमर्यादेच्या पाट्या काटेकोर पाळा. सुट्टीच्या आठवड्यात धक्के आणि मुरिंग (बोट बांधायचे तरंगते फुगे) भरलेले असतात, तेव्हा रद्द करता येईल असं बुकिंग जॉर्जियात शिरण्याआधीच करा. बोट ठेवून घरी जाणार असाल तर दोर दुप्पट करा, घासणाऱ्या जागी जाड कापड गुंडाळा, फ्रिज रिकामा करा, बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा फ्लोट हाताने उचलून पंप चालतो का बघा. सगळे सीकॉक (बोटीच्या तळातून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या तोट्या) बंद करा आणि इंजिनाची किल्ली त्याच्या पाण्याच्या सीकॉकच्या दांड्याला अडकवून ठेवा, म्हणजे परत आल्यावर तो उघडल्याशिवाय इंजिन सुरू करता येणार नाही.